धुळीची साक्ष

सातारा जिल्ह्यातील वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. येरळा नदीच्या काठी वसलेल्या या गावाचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात एका तारखेशी कायमचे जोडलेले आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली तहसील कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मा झाले. आजही त्या दिवशी त्यांची नावे आदराने घेतली जातात. माणूस कशाने गेला, कोणामुळे गेला, हे त्या नऊ जणांच्या बाबतीत सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच त्यांचे मरण इतिहासजमा न होता इतिहास बनले.

परंतु याच मातीतील असंख्य माणसे अशी गेली की त्यांच्या मरणाचे कारण कोणी विचारलेच नाही. पावसाने पाठ फिरविलेल्या या मुलखातून पिढ्यान्पिढ्या माणसे पोटासाठी बाहेर पडली. कोणी मुंबईच्या कापडगिरण्यांत गेले, कोणी बाजारात व गोदीत ओझी वाहिली, कोणी सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले, तर कोणी फौंड्रीत आणि खडीच्या क्रशरवर राबले. उमेदीची वर्षे शहराने घेतली आणि खोकत परतलेले शरीर गावाच्या वाट्याला आले.

काही वर्षांपूर्वी वडूजजवळच्या एका वाडीवर आम्ही एका ख्रिस्ती कुटुंबाच्या सांत्वनासाठी गेलो होतो. घरातील कर्ता पुरुष दूरच्या एका शहरात बावीस वर्षे फौंड्रीत होता. वाळूचे साचे फोडून ओतीव लोखंड बाहेर काढणे व ते घासून साफ करणे हे त्याचे काम. गावी परतल्यावर त्याला दम लागू लागला. तीन वेळा क्षयावरची औषधे झाली. घरात त्याचे ताट-तांब्या वेगळे झाले. ‘बापाला टी.बी. आहे’ एवढ्या एका वाक्यावर मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले. अखेर तो गेला. दफनानंतर पाचव्या दिवशी त्याच्या पत्नीने आम्हाला विचारले, “फादर, ह्यास्नी खरंच टी.बी. हुता का वो? का दुसरंच काय हुतं?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. कोणालाच देता आले नसते. संसर्गाच्या भीतीने त्याच्या अंथरुणाबरोबर कारखान्याचे कागद आणि छातीचे जुने एक्स-रेही जाळून टाकले होते. त्याच्या फुप्फुसात काय होते हे सांगू शकेल असा एकच साक्षीदार उरला होता, आणि त्याला आम्ही स्वतःच प्रार्थना म्हणून मातीआड केले होते. त्या बाईंच्या प्रश्नाने आम्हाला वाचनाकडे वळविले. फुप्फुसातील धुळीची साक्ष माणसाने कशी वाचावयास घेतली, त्याचा हा इतिहास आहे.

फुप्फुस, भिंग आणि स्फटिक

१६६१ साली इटलीतील बोलोन्या येथे मार्चेल्लो माल्पिगी या वैद्याने बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तोवर फुप्फुस म्हणजे रक्तमांसाचा एक सलग गोळा, अशीच समजूत होती. माल्पिगींना मात्र तेथे हवेच्या इवल्या पिशव्यांचे जाळे आणि त्यांना वेढणाऱ्या केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. हवा आणि रक्त यांच्यामध्ये किती नाजूक पडदा आहे, हे त्या दिवशी मानवाला उमगले. हेच माल्पिगी पुढे १६९१ मध्ये पोप इनोसंट बारावे यांचे वैद्य झाले.

त्यानंतर आठ वर्षांनी, १६६९ साली, परस्परांशी संबंध नसल्यासारखे वाटणारे दोन शोध प्रसिद्ध झाले. निकोलस स्टेनो हे कोपनहेगनचे शरीरशास्त्रज्ञ फ्लॉरेन्समध्ये राहत असत. गारगोटीच्या जातीच्या क्वार्ट्झ स्फटिकाचे त्यांनी निरीक्षण केले आणि स्फटिक लहान असो वा मोठा, त्याच्या बाजूंमधील कोन तेच राहतात हे दाखविले. खनिजाला स्वतःची ओळख असते, हा त्याचा अर्थ. स्टेनो यांनी १६६७ मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. पुढे ते धर्मगुरू व बिशप झाले आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये एरास्मुस बार्थोलिन यांनी कॅल्साइटच्या पारदर्शक स्फटिकातून पाहिले असता एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे नोंदविले. वडूजच्या परिसरात विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोकळीत कधी चकाकणारे स्फटिक सापडतात. त्यांच्यात हे कॅल्साइटही असते.

या विचित्र प्रतिमेतूनच पुढे मोठे साधन हाती आले. १८२८ मध्ये विल्यम निकोल यांनी कॅल्साइटचा लोलक बनविला आणि १८३४ मध्ये हेन्री फॉक्स टॅलबट यांनी तो सूक्ष्मदर्शकाला जोडला. असे दोन लोलक एकमेकांशी काटकोनात ठेवले की भिंगाखाली काळोख होतो. त्या काळोखात स्फटिकाचा कण आला तर तो प्रकाशाचे रूप बदलतो आणि ठिणगीसारखा उजळतो. मांसात लपलेला दगड शोधण्याचे साधन अशा रीतीने तयार झाले. मात्र तो शोधावा, असे कोणाला तरी वाटावयास हवे होते.

“तुमचा धंदा कोणता?”

ती तळमळ वैद्यकशास्त्रात फार जुनी, पण विरळ आहे. १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरील ग्रंथात गेऑर्ग अग्रिकोला यांनी लिहिले आहे की कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या प्रदेशात एकेका स्त्रीने सात-सात पती गमावले होते. सतराव्या शतकात डच वैद्य डीमरब्रुक यांनी दम्याने मेलेल्या पाथरवटांची फुप्फुसे कापली, तेव्हा सुरी जणू वाळूच्या ढिगातून जात असल्याचा त्यांना भास झाला.

१७०० मध्ये मोदेना येथील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवर पहिला समग्र ग्रंथ लिहिला. ते गटारे उपसणाऱ्यांच्या, कुंभारांच्या, पाथरवटांच्या कामाच्या जागी जाऊन बसत. प्राचीन वैद्यांनी रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांची यादी दिली होती. रामाझ्झिनींनी तीत एका प्रश्नाची भर घातली – तुमचा धंदा कोणता? आमच्या वाडीवरच्या त्या माणसाला तीन वेळा औषधे देणाऱ्यांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नाही, असे त्याची पत्नी सांगत होती. तीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न वडूजला पोहोचावयाचा राहिला होता.

काळा रंग कोणाचा?

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक इस्पितळात आला आणि वाद पेटला. खाणकामगारांची फुप्फुसे काळी का? रुडॉल्फ फिरखो यांच्यासारख्या श्रेष्ठ विकृतिशास्त्रज्ञाचा कल असे मानण्याकडे होता की तो काळा रंग शरीरातच, रक्तापासून तयार होतो. म्हणजे दोष कामाचा नव्हे, कामगाराच्या देहाचा!

१८६० मध्ये बर्लिनचे लुडविग ट्राउबे यांनी कोळशाच्या धुळीत काम करणाऱ्या एका मृत कामगाराचे फुप्फुस तपासले. त्यातील काळ्या कणांवर त्यांना सुचिपर्णी वृक्षाच्या लाकडाची रचना, त्याच्या पेशींवरील छिद्रांसह, दिसली. रक्तातून लाकूड उगवत नाही. पुढे फिरखो यांनीही आपले मत बदलले. १८६७ मध्ये फ्रीड्रिख झेंकर यांनी कागदाला लोहाची तांबडी पूड लावण्याचे काम करणाऱ्या एका स्त्रीच्या लालभडक फुप्फुसाचे वर्णन केले आणि अशा सर्व रोगांना ‘न्यूमोकोनिओसिस’ या अर्थाचे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ फुप्फुसातील धूळ. १८७० मध्ये मिलानच्या इस्पितळातील अकिल्ले व्हिस्कोन्ती यांनी ‘सिलिकोसिस’ हा शब्द वापरला. त्याचे मूळ लॅटिनमधील गारेच्या दगडाच्या नावात आहे.

राखेतील पुरावा

दक्षिण आफ्रिकेत सोन्याचे खडक क्वार्ट्झने भरलेले. यांत्रिक छिद्रक आल्यानंतर तेथील तरुण खाणकामगार काही वर्षांतच दगावू लागले. १९१३ मध्ये जोहान्सबर्ग येथे जॉन मॅक्रे यांनी अशा कामगारांची फुप्फुसे जाळून उरलेल्या राखेचा अभ्यास प्रसिद्ध केला. मांस जळते, दगड जळत नाही. त्या राखेत सापडलेले बहुतेक कण अतिसूक्ष्म होते. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात व घशात अडकते. फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते ती न दिसणारी. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, तर घातक कण पाच मायक्रॉनहूनही लहान.

राखेच्या बुधवारी आम्ही भाविकांच्या कपाळी राख लावतो, ती सर्वांना सारखीच. जोहान्सबर्गच्या त्या राखेत मात्र काहींच्या वाट्याला दगड अधिक आला होता. तेथील नुकसानभरपाईच्या कायद्यांनी गोऱ्या व काळ्या कामगारांत दीर्घकाळ भेद केला, हेही विसरता येत नाही. तरीही त्या देशात एक व्यवस्था रुजली. मृत खाणकामगाराच्या कुटुंबाने संमती दिल्यास त्याचे हृदय व फुप्फुसे तपासली जातात आणि रोग आढळल्यास वारसांना भरपाईचा हक्क मिळतो. मेलेल्याची साक्ष जिवंतांच्या उपयोगी पडते.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे नेली केर्शॉ ही स्त्री अॅस्बेस्टॉसचे सूत कातत असे. १९२४ मध्ये वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी ती मरण पावली. कंपनीने जबाबदारी नाकारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसाचे पातळ छेद तपासले, त्यातील खनिजकण ओळखून घेतले आणि त्याच वर्षी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९२७ मध्ये त्यांनी या रोगाला ‘अॅस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले. १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये अॅस्बेस्टॉसच्या धुळीवर नियंत्रण आणणारे नियम झाले. एका गरीब कामगार स्त्रीच्या फुप्फुसाने जे सिद्ध केले, ते तिच्या तक्रारीने सिद्ध झाले नव्हते.

साक्ष वाचतात कशी?

वाचकांच्या मनात प्रश्न येईल की हे प्रत्यक्षात पाहतात कसे? फुप्फुसाचा तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये टिकवितात, मग मेणात बसवून त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे छेद घेतात. ते रंगविले की पेशींची केंद्रे निळी व भोवतालचा भाग गुलाबी दिसतो. सिलिकोसिस असेल तर कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे एकाभोवती एक वेढे असलेल्या कठीण गाठी आढळतात. याचे कारण असे की क्वार्ट्झचा कण गिळणारी भक्षक पेशी स्वतःच मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते आणि तीही मरते. ही झुंज वर्षानुवर्षे चालते व तिच्या जागी व्रण उरतो. म्हणूनच काम सोडल्यावरही रोग वाढत राहतो.

त्यानंतर ध्रुवित प्रकाश वापरतात. अभ्रक व शंखजिऱ्यासारखी खनिजे झगझगीत दिसतात, क्वार्ट्झ मंद उजळतो. अॅस्बेस्टॉसच्या तंतूवर शरीर लोहयुक्त लेप चढविते. १८६७ मध्ये माक्स पेर्ल्स यांनी शोधलेल्या रंगाने तो लेप निळा होतो. फार बारीक कण साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो आणि त्याला जोडलेल्या क्ष-किरण उपकरणामुळे कणात कोणते मूलद्रव्य आहे तेही कळते.

येथे एक सावधगिरी हवी. धुळीच्या मुलखात राहणाऱ्या निरोगी माणसाच्या फुप्फुसातही थोडे खनिजकण असतात. कण दिसला म्हणजे रोग झाला असे नव्हे. कण, व्रण आणि कामाचा इतिहास या तिन्ही गोष्टी एकत्र जुळवाव्या लागतात. दगडाची जातही पाहावी लागते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात सिलिका पुष्कळ असते, पण ती इतर मूलद्रव्यांशी बांधलेली; मोकळा क्वार्ट्झ थोडाच. फौंड्रीच्या साच्याची वाळू मात्र बहुतांशी क्वार्ट्झचीच असते. तेव्हा क्रशरची धूळ निरुपद्रवी ठरत नाही, परंतु फौंड्रीची धूळ अधिक क्रूर ठरते.

आपल्या देशात

भारतात सिलिकोसिसची पहिली नोंद १९४७ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींतून झाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने हा रोग आढळल्यास सरकारला कळविणे सक्तीचे केले. १९६६ मध्ये अहमदाबादला व्यावसायिक आरोग्यावर संशोधन करणारी संस्था स्थापन झाली. पुढे तिच्या संशोधकांनी मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली बनविणाऱ्या ५९३ कामगारांची तपासणी केली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५४.६ टक्के कामगारांना सिलिकोसिस असल्याचे आढळले. आमच्या पिढीने अशाच पेन्सिलीने मुळाक्षरे गिरविली. ती करकरत असे, तेव्हा तिचे पीठ कोणाच्या छातीत उतरले असेल, हा विचार आम्हाला कधी शिवला नाही.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला. मुंबईतील एका अॅस्बेस्टॉस कारखान्याच्या १८१ कामगारांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २२ टक्के कामगारांना अॅस्बेस्टॉसिस होता. गुजरातमधील गोध्रा येथे क्वार्ट्झ दळण्याच्या कामावर गेलेल्या मध्य प्रदेशातील आदिवासींपैकी २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये सांगितले आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते देण्याचा आदेश दिला.

यातून एक गोष्ट ध्यानी येते. आपल्याकडे न्याय मिळाला तो जिवंतपणी झालेल्या तपासण्या, एक्स-रे आणि कामाच्या पुराव्यांमुळे. जिवंत माणसाच्या फुप्फुसाचा तुकडा काढण्याची गरज सहसा नसते. कामाचा नेमका इतिहास व छातीचा एक्स-रे यांवर जाणकार डॉक्टर निदान करू शकतो. सूक्ष्मदर्शकाने दीडशे वर्षांत जे सिद्ध केले, त्याच्या बळावर आज एक साधा प्रश्नही पुरेसा होतो. अट एवढीच की तो विचारला जावा.

वडूजला परतताना

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळू. सातारा-सांगलीच्या मुलखात क्षयाचे भय खोल रुजलेले आहे. मिरजेच्या मिशन इस्पितळाचे डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या नावाने वसलेल्या वॉनलेसवाडीत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले आणि कित्येकांना तेथे जीवदान मिळाले. त्या सेवेचे मोल थोर आहे. पण खोकला आणि खंगलेला देह दिसला की क्षय, ही सवय आपल्याला जडली. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर त्या माणसाला क्षय असेलही. सिलिकाने जखमी झालेल्या फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात आणि दोन्ही रोग एकत्र नांदतात. परंतु तसे असले तरी त्याचा क्षय घरातल्या कोणा पापाचा वा दळभद्रीपणाचा नव्हता. वाट कारखान्याच्या वाळूनेच करून दिली असावी. त्याचे वेगळे केलेले ताट आणि मुलीचे मोडलेले लग्न, या शिक्षा चुकीच्या माणसांना झाल्या.

आम्ही पुन्हा त्या वाडीवर गेलो आणि हे सारे त्या बाईंना समजेल अशा शब्दांत सांगितले. नक्की काय होते ते आता कळणार नाही, हेही सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पोरीच्या सासरी येऊन एवढं एकदा सांगा, फादर.” मुलीचे लग्न तोवर दुसरीकडे झाले होते, पण बापाच्या आजाराचे टोमणे थांबले नव्हते. आम्ही गेलो व सांगितले.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आमचे सांगणे थोडेच आहे. घरात कोणी फौंड्रीत, खाणीत, दगडाच्या वा अॅस्बेस्टॉसच्या कामावर राबले असेल आणि त्याला दम लागत असेल, तर डॉक्टरांनी न विचारताही कामाची सर्व हकीकत, वर्षांसह, सांगावी. हजेरीकार्ड, वेतनाच्या पावत्या, ई.एस.आय.चे कागद व जुने एक्स-रे जाळू नयेत. कागदाने संसर्ग होत नाही. आणि मरणोत्तर तपासणीचा प्रसंग आलाच, तर धर्माची आडकाठी आहे असे मानू नये. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने कायदेशीर चौकशी वा शास्त्रीय संशोधन यांसाठी शवविच्छेदन नैतिकदृष्ट्या मान्य ठरविले आहे. देहाचा आदर करणे म्हणजे त्याची साक्ष दडपणे नव्हे.

आमच्याकडील दफनाच्या नोंदवहीत नाव, वय, दिनांक व शेवटचे संस्कार यांसाठी रकाने आहेत, व्यवसायासाठी नाही. त्या दिवसापासून आम्ही समासात तो लिहू लागलो आहोत. जुनी पाने उलटून त्या वाडीवरच्या माणसाची नोंदही आम्ही शोधली आणि तिच्या बाजूला लिहिले: फौंड्रीत वाळूचे काम, बावीस वर्षे.